मान दुखते आणि डोळे मिटून उभं राहिलं की तोल जातो. असा अनुभव कोणाला आहे का?

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. वय ४६, फोंड्याजवळ राहते, एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते. आठ-नऊ महिने मान दुखतेय. शेक, तेल, मलम, उशी बदलणं, सगळं करून झालं. दुखणं कधी कमी, कधी जास्त, पण आता त्याला जोडून एक नवीनच सुरू झालंय आणि त्याची मला भीती वाटते.

मागच्या रविवारी म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात आरतीला उभी होते. हात जोडले, डोळे मिटले. चार-पाच सेकंदांत वाटलं की आपण पुढे कलतोय. डोळे उघडून खाली बघितलं तर पायांची बोटं लादीवर घट्ट आवळलेली. पुन्हा मिटले, पुन्हा तेच. शेवटी खांबाला हात टेकून आरती पुरी केली. गरगरलं म्हणावं तर तसं नाही, भिंती फिरत नाहीत. फेरीबोट धक्क्याला लागताना डेकवर उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटतं. मान जास्त धरलेली असते त्या दिवशी हे जास्त.

डॉक्टरांना दाखवलं. एक्सरे बघून "सर्व्हायकल आहे, वयाप्रमाणे असायचंच" म्हणाले आणि गोळ्या दिल्या. तोलाचं सांगायला गेले तर पुढच्या पेशंटला हाक मारली. सासूबाईंच्या मते अशक्तपणा. लेक म्हणते, "आई, तू हल्ली डोकं पुढे काढून उभी राहतेस."

मला एवढंच विचारायचंय: मानेच्या दुखण्याने उभं राहण्याचा तोल खरंच बिघडतो का? की हे वेगळंच काही आहे?

पायलट_म्हापसा

बाय, मला आहे हे. २२ वर्षं मोटरसायकल पायलट म्हणून, म्हणजे मागे भाड्याने माणूस बसवून, गाडी चालवतोय. हेल्मेट, खड्डे, आणि दर मिनिटाला मागे वळून बघणं. मान उजवीकडे पुरती वळतच नाही. स्टँडवर गाडी लावून उतरलो की पहिली दोन-तीन पावलं सरळ पडत नाहीत, सीटला धरून जरा उभा राहतो मग चालतो. मित्रांना वाटतं सकाळीच घेतली. मी थेंबाला शिवत नाही, म्हणून जास्तच लागतं ते.

जुना_भजनी

प्रत्येक चक्कर मानेच्या माथी मारू नका, ही माझी हात जोडून विनंती. मला दोन वर्षं "सर्व्हायकल, सर्व्हायकल" म्हणून पट्टा बांधून ठेवला होता. कूस बदलली की खोली फिरायची, अर्धा मिनिट, मग शांत. पट्टा लावून काय होणार? शेवटी एका कानाच्या डॉक्टरांनी मला खाटेवर बसवलं, डोकं एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. कानातले खडे जागेवरून सरकले होते. त्याच खाटेवर डोकं ठरावीक क्रमाने वळवत गेले, दहा मिनिटं लागली असतील. दोन वर्षांचा त्रास दोन भेटींत गेला.

भजनात टाळ घेऊन उभा राहायला मी घाबरायचो. आता सप्ताहात पहाटेपर्यंत उभा असतो. म्हणून म्हणतो, आधी कान.

फिजिओ_मडगाव

अबोलीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर "हो, बिघडू शकतो" असं आहे. भजनीकाकांचंही बरोबर आहे, त्यामुळे दोन्ही नीट सांगते. लांब होईल.

उभं राहणं म्हणजे पुतळ्यासारखं स्थिर राहणं नव्हे. आपण सगळेच सतत थोडे डुलत असतो आणि सावरत असतो, कळत नाही एवढंच. हे सावरायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान, आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव. तळपाय आणि घोटे सगळ्यांना आठवतात. मान कोणाला आठवत नाही. कवटीच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला जे लहान लहान स्नायू आहेत त्यांत ताण ओळखणारे तंतू इतके दाट असतात की त्या स्नायूंना मी हलवणारे कमी आणि जाणणारे जास्त मानते. डोकं धडावर कुठे वळलंय हे ते सांगतात. कान फक्त डोक्याची हालचाल ओळखतो. डोकं एकटंच वळलं की अख्खं शरीर कललं, हे त्याला एकट्याने कळत नाही, ते ठरवायला मानेची साक्ष लागते.

आता मान महिनोन्महिने दुखत असेल तर ही साक्ष बिघडते. दुखण्याने खोलवरचे स्नायू सुस्तावतात, वरचे मोठे स्नायू त्यांचं काम ओढून आखडून बसतात. मेंदूकडे डोळे एक सांगतात, कान एक सांगतो, मान तिसरंच. डोळे उघडे असले तर भागून जातं. मिटले की उरलेल्या दोघांवर भार येतो. आरतीला तेच झालं असावं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. निरोगी माणसाला डोळे मिटून उभं करून मानेच्या मागच्या स्नायूंवर कंपन देणारं यंत्र लावलं तर तो पुढे झुकतो. धक्का नाही, चक्कर नाही, फक्त मानेतून खोटी खबर गेली. आणि पायांखालचा भार मोजणारी पाटी असते तिच्यावर मानदुखीच्या माणसांना उभं करून मोजलं तर त्यांचं डुलणं इतरांपेक्षा सरासरीने जास्त भरतं, विशेषतः डोळे मिटल्यावर किंवा मऊ गादीवर. अपघातात मानेला हिसका बसलेल्यांमध्ये हे आणखी ठळक दिसतं.

पण "मानेमुळे" हे निदान सगळ्यात शेवटी करायचं. त्याची एक अशी खास तपासणी नाही. कान, रक्तदाब, साखर, बी-१२, औषधं, मज्जारज्जू हे सगळं बघून काही सापडलं नाही, आणि त्रास मानेबरोबर वाढतो-उतरतो असं दिसलं, तरच. भजनीकाकांसारखी कूस बदलताना खोली फिरत असेल तर तो कान. ताईंचं वर्णन तसं नाही, तरी एकदा कान बघून घ्याच.

संगणकी_पर्वरी

चांगली माहिती. पण मूळ दोष उभं राहण्या-बसण्याच्या ठेवणीचा नाही का? मोबाईलमध्ये मान घातली की मानेवर २७ किलो भार येतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्या ऑफिसात तर फलक लावलाय. लेक बरोबरच सांगतेय, डोकं मागे घ्या, सगळं सुटेल.

फिजिओ_मडगाव

@संगणकी_पर्वरी, तो २७ किलोचा आकडा ६० अंश वाकलेल्या मानेचा, गणिताने काढलेला. कोणाच्या मानेत मोजलेला नाही. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, ते पुढे गेलं की मागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं, हे खरं. पण माझ्याकडे येणाऱ्यांत डोकं कितीतरी पुढे असून कधीच न दुखलेले लोक आहेत, आणि ताठ उभे राहून तळमळणारेही. मोठ्यांमध्ये ठेवण आणि दुखणं यांचं थोडं नातं दिसतं, पण एकामुळे दुसरं असं सरळ म्हणता येत नाही.

आणि ताईंच्या बाबतीत मला उलटं वाटतं. तोलाची खात्री नसली की माणूस आपोआप ताठरतो: खांदे वर, गुडघे घट्ट, नजर खाली. नजर खाली गेली की डोकं पुढे. म्हणजे लेकीला दिसलेली ती ठेवण सावरण्याचाच भाग असू शकते. "डोकं मागे घे" म्हणून दिवसभर ओरडून ती आणखी आखडेल.

ताई, एक विचारते. चष्मा दुहेरी नंबरचा आहे का?

अबोली_फोंडा

हो! दीड वर्षापूर्वी घेतला. हे कसं कळलं तुम्हाला?

फिजिओ_मडगाव

काउंटरवरचा स्क्रीन. खालच्या भिंगातून वाचायला हनुवटी वर करावी लागते, दिवसभर मान मागे मोडलेली राहते. स्क्रीन चार बोटं खाली घ्या किंवा कामाला वेगळा चष्मा करून घ्या.

दिवली

हा धागा दोनदा वाचला. लिहू की नको करत होते.

मी शिगम्याला दिवल्यांचा नाच करायची, लग्नाआधी आठ वर्षं आणि नंतरही काही. डोक्यावर पितळेची पेटती दिवली, घुमट-समेळाच्या तालावर पावलं टाकायची, खाली बसायचं, उठायचं, दिवा हलता कामा नये. आम्हाला शिकवणाऱ्या मावशी आधी महिनाभर नुसता पाण्याचा तांब्या ठेवायला लावायच्या. म्हणायच्या, दिवा डोक्यावर नसतो, मानेत असतो.

धाकटा झाल्यावर, त्याला पाजताना सतत खाली बघून बघून मान धरली. वर्षभर दुखत होती. त्या शिगम्याला परत उभी राहिले सरावाला. दिवली ठेवली. मला आतून स्वच्छ वाटत होतं की मान अगदी सरळ आहे. आणि डाव्या कानावर गरम तेलाचा थेंब पडला. मावशी म्हणाल्या, "बाय, डोकें वांकडें." मी सरळ केलं, म्हणजे मला जे सरळ वाटलं ते. पुन्हा तेल डावीकडेच. आरशासमोर उभी केली तेव्हा दिसलं, डोकं चांगलं डावीकडे झुकलेलं. पण आरशात बघून सरळ केलं की मला वाटायचं आपण उजवीकडे पडतोय.

त्यानंतर नाच सोडला. कोणाला नीट सांगताही आलं नाही काय झालं ते. लोक म्हणाले बाळंतपणाने सवय गेली. फिजिओताईंचं "साक्ष बिघडते" वाचलं आणि आज बारा वर्षांनी कळलं.

फिजिओ_मडगाव

दिवली, तुम्ही जे लिहिलंत ते आम्ही दवाखान्यात मोजतो. डोक्याला पट्ट्याने लेझरचा दिवा लावतो, भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर खुर्ची. सरळ बसल्यावर ठिपका जिथे पडतो तिथे खूण करायची. मग डोळे मिटून मान पूर्ण वळवायची आणि "आता मधे आले" वाटलं की थांबायचं. ठिपका खुणेपासून किती चुकला ते मोजायचं. सात सेंटीमीटर चुकला म्हणजे साधारण साडेचार अंश. त्याहून जास्त सातत्याने चुकत असेल तर मानेची जाण मंदावली असं धरतो. तुमच्याकडे लेझरऐवजी तेल होतं.

आणि ही जाण परत शिकवता येते. बारा वर्षं झाली म्हणून गेली असं नाही.

पायलट_म्हापसा

काय सुंदर लिहिलंय दिवलीबाय.

मी इतके दिवस सलूनमध्ये केस कापले की मान मोडून घेतो. कट् आवाज आला की तासभर बरं वाटतं. चालतं ना ते?

फिजिओ_मडगाव

नाही. कृपा करून आजपासून बंद. मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने पिळलेल्या मानेत त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. रोज होत नाही, पण ज्याला होतं त्याचं अख्खं घर बसतं. तुमची तर आधीच मान वळत नाही आणि पावलं चुकतात. तपासल्याशिवाय कोणालाही मानेला हात लावू देऊ नका.

मोरजी_किनारा

हा इशारा मला माझ्या आईसाठी कोणी दिला असता तर किती बरं झालं असतं.

आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. पहाटे किनाऱ्यावर जाऊन माल घ्यायची आणि दारोदार फिरायची, तीस वर्षं. मान तिची आधीपासून दुखायची, त्याचं काही वाटायचं नाही. साठी ओलांडल्यावर चालताना पाय फाकवून टाकायला लागली. आम्ही म्हटलं वय. मग पोलक्याची हुकं लागेनाशी झाली. बोटांत जीव आहे पण हूक सापडत नाही म्हणायची. मासळी साफ करताना कोयतीवर हात घसरला. रात्री अंगणात उतरली की भिंत धरायची. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, सगळीकडे मानदुखीच्या गोळ्या, ताकदीची इंजेक्शनं. चालवून कोणीच बघितलं नाही. न्हाणीघरात पडली तेव्हा एमआरआय झाला: मानेत मज्जारज्जू दाबला गेला होता.

ऑपरेशन झालं. वाढायचं थांबलं, पण गेलेलं सगळं परत आलं नाही. सहा महिने आधी गेलो असतो तर जास्त वाचलं असतं असं सर्जन म्हणाले. ते "सहा महिने" माझ्या डोक्यातून जात नाहीत.

अबोलीताई, हुकं, बटणं, अक्षर, चप्पल पायातून निसटणं, लघवीचं काही, हे बघा आधी. मग बाकीचं.

जुना_भजनी

वाचून पोटात कालवलं. मी "आधी कान" म्हणालो ते मागे घेतो. आधी हे.

फिजिओ_मडगाव

मोरजीकर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या वरच्या पोस्टमध्ये मज्जारज्जू हा एका ओळीत उरकलेला शब्द होता, तो इतक्या पटकन उरकायला नको होता.

त्यात एवढंच जोडते: तोल जाण्याबरोबर अचानक दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळता न येणं, चेहरा बधिर होणं, किंवा आजवर कधी नव्हती अशी मानदुखी एकाएकी उठणं, यातलं काही झालं तर धागा वाचत बसू नका. तडक मोठ्या इस्पितळात, बांबोळीला किंवा जवळ असेल तिथे.

केरीची_वाट

उशी कोणती घ्यावी? आमच्याकडे सावरीच्या कापसाची आहे, डोकं पार आत जातं.

संगणकी_पर्वरी

मी तीन महागड्या उशा घेतल्या. शेवटी घडी घातलेली चादर बरी वाटली.

फिजिओ_मडगाव

कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेत राहील एवढी उंची. पोटावर झोपू नका. उशीबद्दल याहून जास्त ठाम सांगण्यासारखं काही नाही.

अबोली_फोंडा

मंडळी, सात आठवड्यांनी येतेय. मुद्दाम थांबले, काहीतरी ठोस सांगायचं होतं.

मोरजीकरांची पोस्ट वाचली त्याच रात्री पोलक्याची हुकं दहा वेळा लावून-काढून बघितली. लागत होती. तरी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. यांनी आधी चालवून बघितलं, एका रेषेवर टाचेला अंगठा लावून. हातोडीने ठोकून पाय-हातांचे झटके तपासले, पाय जोडून डोळे मिटून उभं केलं, स्वतः मागे हात धरून उभे राहिले. मज्जारज्जूचं काही नाही म्हणाले. कानाच्या डॉक्टरांनी खाटेवर आडवं केलं, खडेही नाहीत. बी-१२ मात्र कमी निघालं, त्याचं औषध सुरू आहे. चक्करेची गोळी आधीच्या डॉक्टरांनी दिलेली, महिनोन्महिने चालू ठेवायची ती नव्हे म्हणून हळूहळू बंद केली. सासूबाईंना सांगितलं, अशक्तपणाही थोडा होताच. खूश झाल्या.

मग फिजिओकडे. लेझरची चाचणी झाली. डावीकडून परत येताना पाच सेंटीमीटर चुकले. उजवीकडून अकरा! डोळे उघडले आणि तो लाल ठिपका खुणेपासून एवढा लांब बघून मला रडूच आलं. वाईट वाटून नाही, सुटल्यासारखं वाटून. नऊ महिने सगळ्यांना वाटत होतं मनाचे खेळ आहेत, आणि भिंतीवर तो अकरा सेंटीमीटर लांब होता, पट्टीने मोजलेला.

आता घरी करते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लेकीने लेझरचं पेन आणलं, तिच्या टोपीला रबराने बांधलं. रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर ती खूण धरून बसते आणि मी मान वळवते. डोळ्यांवर किरण जाणार नाही याची काळजी घेतो, समोर कोणी येत नाही. आडवं पडून हनुवटी अगदी हलकी आत घ्यायची आणि दहा सेकंद धरायची, हा दुसरा व्यायाम. दिसायला काहीच नाही, पण चौथ्या वेळी मान थरथरते. तिसरा, भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवून डोकं सावकाश डावी-उजवीकडे. आणि ओट्याला लागून, हात टेकायला मिळेल असं, एका पायापुढे दुसरा ठेवून उभं राहणं. स्क्रीनही खाली घेतलाय.

उजवीकडचे अकरा आता साडेसहावर आलेत. मान अजून दुखते, पण निम्मी. व्यायामाने, चष्म्याने, बी-१२ने की सगळ्याने मिळून, मला सांगता येणार नाही.

चतुर्थीला गणपतीवरची माटोळी बांधायला मात्र स्टुलावर चढू दिलं नाही मला कोणी. वर बघत सुपाऱ्या-नारळ बांधायचं काम गेली २० वर्षं माझंच होतं. या वर्षी खालून सांगत होते, लेकीने बांधली.

आणि काल आरतीला डोळे मिटले. खांबाशेजारीच उभी होते. "सुखकर्ता" ते शेवटच्या कडव्यापर्यंत हात लावला नाही.

मोरजी_किनारा

हुकं लागतात हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि आईला जाऊन सांगितलं. ती ओळखत नाही तुम्हाला, पण "देव बरें करूं" म्हणाली.

पायलट_म्हापसा

सलून बंद केलं. म्हणजे मान मोडणं बंद, केस कापतो. पुढच्या मंगळवारी तपासायला जातोय. बाय, ते लेझर पेन बाजारात नेमकं कुठे मिळालं?

अबोली_फोंडा

घड्याळं-टॉर्चवाले बसतात त्या रांगेत, लेक म्हणते. पण आधी तपासून घ्या हां.

दिवली

परवा माहेरी गेले होते. माळ्यावरून दिवली काढली. चिंचेने घासली, चकचकीत झाली. आरशासमोर उभी राहून डोक्यावर ठेवली आणि डोळे मिटले. दहापर्यंत मोजून उघडले. थोडी डावीकडे होती. पूर्वीइतकी नाही.

तेल अजून घातलेलं नाही.